एक फवारा कमी

बाहुलीचा चेहरा रंगवण्यात दीक्षाचा हात रत्नागिरीत कोणी धरू शकत नव्हतं. आणि नाव मात्र सगळं मनालीचं, तिच्या नणंदेचं.

दुकानातून आणलेल्या बाहुलीचा छापील चेहरा ॲसिटोनने पुसायचा, डोकं साबणाने धुवायचं, मग फवाऱ्याच्या डब्यातून मॅट वार्निशचा हात द्यायचा. त्याशिवाय गुळगुळीत गालावर रंग बसत नाही. खडूची पूड ब्रशने गालांवर, पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिलींनी भुवया नि पापण्या, आणि प्रत्येक थरावर पुन्हा फवारा, नाहीतर रंग पुसला जातो. हे सगळं दीक्षा करायची. मनाली बाहुलीला नऊवारी नेसवायची, फोटो काढायची आणि मोबाइलवर टाकायची, ‘माझ्या हातची नवी मुलगी’.

दीक्षाने एकदा ‘माझं नाव कुठे?’ म्हणून विचारलं, तर सासूबाई, जाईबाई, फणकारल्या. “आपल्याच पोरीचं नाव झालं तर तुझ्या पोटात का दुखतं गो?”

दुखत होतं. चांगलं मुरडा येईपर्यंत दुखत होतं. पण दीक्षा गप्प बसली, आणि गप्प बसलेल्या बाईला लोक उगाच गरीब गाय समजतात.

दिवाळीच्या आधी गावातल्या सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन ठरलं. पहिल्या आलेल्या कारागिराला मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात स्वतःच्या नावाची जागा मिळणार होती. मनालीने अर्जावर बिनदिक्कत स्वतःचं नाव घातलं आणि वर म्हणाली, “वहिनी, या वेळी डोळे जरा पाणीदार काढ हां.”

“काढते की,” दीक्षा म्हणाली.

तिने जीव ओतून नवरी रंगवली. असे डोळे तिने आजवर काढले नव्हते. फक्त पहिल्या हातानंतर फवाऱ्याच्या डब्याला ती शिवली नाही. एकही थर पक्का केला नाही. आणि शेवटी, मनालीने नवरीला साडी नेसवून झाल्यावर, डाव्या डोळ्याच्या कडेला काजळाचा बारीकसा डाग मुद्दाम लावून ठेवला.

मनालीला एक खोड होती. कुठे डाग दिसला की बोट जिभेला लावायचं आणि पुसायचं. ताट असो, आरसा असो, कोणाच्या पोराचं कपाळ असो. जाईबाई त्यावरून तिला लहानपणापासून ओरडत आल्या होत्या. खोड काही गेली नाही.

प्रदर्शनात परीक्षक बाई नवरीवर फिदा झाल्या. मनालीला मंचावर बोलावलं, हातात माईक दिला, समोर कॅमेरे. तिने बाहुली उंच धरली आणि तिला डाग दिसला. पहिल्या रांगेत बसलेली दीक्षा खुर्चीत पुढे सरकली.

बोट जिभेला लागलं आणि डोळ्यावरून फिरलं.

डाग गेला. त्याच्याबरोबर पापण्या गेल्या, अर्धी भुवईही गेली. मनालीने घाबरून आणखी पुसलं, तसा डावा डोळाच नाहीसा झाला. दीक्षाला इतका आनंद झाला की तिने पदर तोंडाशी धरला.

“काही हरकत नाही,” परीक्षक बाई समजुतीने म्हणाल्या. “पेन्सिली आहेत इथे. तुमचाच हात आहे, काढा पुन्हा. आम्हालाही बघायला मिळेल.”

मनालीने पेन्सिल घेतली. जे उमटलं ते बघून मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वहिनी,” ती माईकमध्येच म्हणाली, “ये ना गो वर.”

दीक्षा जागची हलली नाही. शेजारी बसलेल्या जाईबाईंनी तिला कोपर मारलं. “ऊठ गो, पोरीची लाज जाते!”

“इथे वहिन्या खूप बसल्यात, मनाली,” दीक्षा खणखणीत आवाजात म्हणाली. “कोणती हवी? नावाने हाक मार. आणि कशाला हवी, तेही सांग.”

मनालीने आईकडे बघितलं. जाईबाई आपल्या चपलांकडे बघत होत्या.

“दीक्षा,” मनाली म्हणाली. आवाज अगदी बारीक होता, पण माईकने तो मागच्या रांगेपर्यंत नेला. “चेहरे दीक्षा रंगवते. सगळे.”

तेव्हा कुठे दीक्षा उठली. पिशवीत घरून आणलेला फवाऱ्याचा डबा होताच. तो हातात घेऊन ती सावकाश मंचाच्या पायऱ्या चढली.