नऊ अंशांचा फरक

असोद्याच्या रस्त्यावरच्या हवामान केंद्रात कुंदाताई भोळे बारा वर्षं तापमानाच्या नोंदी ठेवत होत्या. त्र्याण्णवच्या मे महिन्यात तिथे इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं. खोलीत चार बटणांचा डबा, तिथून केळीच्या बागेपर्यंत वायर आणि वायरीच्या टोकाला, खांबावर, एक पांढरी नळी. साहेबांनी बजावलं होतं की सात दिवस यंत्राचे आणि जुन्या थर्मामीटरचे आकडे जुळले पाहिजेत, नाहीतर यंत्र धुळ्याच्या केंद्राला जाईल. कुंदाताईंना ते हवं होतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही नोंद तुटली नसती.

पण आकडे जुळेनात. पहाटेचे बरोबर यायचे. दुपारी मात्र थर्मामीटरवर चव्वेचाळीस आणि डब्यात पस्तीस. त्यांनी इंग्रजी पुस्तिका तीनदा वाचली. दुसरं बटण दाबून धरलं की घड्याळ बदलायचं, सोडायला जरा उशीर झाला की फॅरनहाइट सुरू व्हायचं आणि पडद्यावर पंचाण्णव उमटायचं. एम.एस्सी. होऊन चार बटणं आपल्याला आवरत नाहीत, याचा त्यांना स्वतःचाच राग येई.

"जुनाले बटनच नही ना ताई," शिपाई निंबा म्हणाला, "म्हनीसन तो खरं सांगस."

"निंबाभाऊ, तुम्ही गप्प बसा."

सहाव्या दिवशी भर दुपारी त्या वायर तपासत बागेत गेल्या. नळीला गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि निंबा तांब्याने त्यावर पाणी ओतत होता.

"हे कधीपासून चाललंय?"

"पहिला दिनपासीन. सांजले काढी लेस. इतलं महागनं यंत्र शे, ताई. उन्हामां तपी गयं तं बोलणं तुमलेच खाणं पडी."

"अहो, किती तापलं तेच ते मोजतंय."

निंबाने गोणपाट सोडलं, पिळलं आणि खांद्यावर टाकलं.

सातव्या दिवशी आकडे जुळले. कुंदाताईंनी साहेबांना फोन केला, घडलं ते सांगितलं आणि आणखी एक आठवडा मागितला.

"मॅडम, सातांतला एक दिवस जुळला. बाकीच्यांसाठी मी वर गोणपाट लिहून पाठवू?"

सोमवारी धुळ्याहून जीप आली. सोबतच्या माणसाला डबा बंद करता येईना. कुंदाताईंनीच चौथं बटण दाबून धरलं, मनात पाच मोजले आणि वायर काढली.

"तिकडे हे आम्हाला कोण शिकवणार?" त्याने विचारलं.

"पुस्तिका आहे," कुंदाताई म्हणाल्या.