दुसऱ्या बाजूला गायक नाही

दीपाचे बाबा, गुरुदत्त साने, तांदूळसुद्धा भिंग लावून निवडतील, असं त्यांची बायको सुनेत्रा म्हणायची, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं. आठवडाभर कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळणाऱ्या माणसाने वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनमध्ये, घराच्या गॅरेजमध्ये इम्पोर्टचा धंदा काढल्यावर दुसरं काय होणार? जमैकातल्या किंग्स्टनहून निघालेल्या तीनशे रेकॉर्ड डलेस विमानतळावरून घरी आल्या, तसे बाबा एकेक वाजवून तपासायला बसले.

शनिवारी दुपारपर्यंत दोनशे बारा तपासून झाल्या. दोनशे बाराच्या दोनशे बारांवर लाल स्टिकर!

"सगळा माल सदोष," बाबांनी जाहीर केलं. "एका बाजूला छान गाणं. उलटी केली की तेच संगीत, पण गायक गायब! मध्येच 'ओ' म्हणतो आणि पळून जातो."

पंधरा वर्षांच्या दीपाने कपाळावर हात मारला. "ओ माय गॉड, बाबा! त्याला व्हर्शन म्हणतात. ते तसंच असतं!"

"तसंच कसं असेल? परत पाठवतोय. पत्र टाइप झालंय."

दीपाने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजता मिस्टर कॅम्पबेल येणार होते. वॉशिंग्टनमधल्या रेकॉर्डच्या दुकानाचे हे जमैकन मालक म्हणजे बाबांचं पहिलं आणि एकुलतं एक गिऱ्हाईक. ते रिकाम्या हाताने गेले की धंदा संपला, आणि बाबा पुन्हा कशाच्या वाटेला जाणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं.

शाळेत जमैकन संगीतावरच्या प्रोजेक्टला ए मिळाल्यापासून तिला कुणी विचारायची गरजच उरली नव्हती. "ऐका ना. आधी मेंटो, मग स्का, मग रॉकस्टेडी, मग रेगे. तिथे लोक मोठमोठे स्पीकर लावून नाचतात. रेकॉर्ड उलटी लावली की माइकवरचा माणूस त्यावर स्वतःचं काहीतरी म्हणतो. त्याच्यासाठी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते!"

"म्हणजे मी रिकामी जागा इम्पोर्ट केली?"

"यस!"

"आणि हे कस्टम्सवाल्यांना समजावणार कोण, तू?"

एवढ्यात आई चहा घेऊन आली. मंडळातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं म्हणायचा मान तिचाच. दीपाने लाल स्टिकरची एक रेकॉर्ड उलटी लावली.

"आई, मंगलाष्टक म्हण."

"गॅरेजमध्ये? लग्न कुणाचं?"

"या रेकॉर्डचं. म्हण ना, प्लीज!"

आई पहिल्या ओळीला अडखळली. दुसऱ्या ओळीला तिला ठोका सापडला, आणि मग काय! खालून घुमणारा बास, वर आईचा खणखणीत आवाज. चहाचे कप बशीत थरथरू लागले. बाबांचा हात आपोआप स्टिकर सोलू लागला. "शुभमंगल सावधान!" झालं आणि त्यांनी मूठभर लाल स्टिकर अक्षतांसारखे रेकॉर्डवर उधळले.

टाळी वाजली ती मात्र दारातून. मिस्टर कॅम्पबेल अर्धा तास आधीच आले होते.

"मिस्टर साने, सगळे बॉक्स गाडीत ठेवा," ते हसत म्हणाले. "आणि या गाणाऱ्या बाई? यादीत दिसल्या नाहीत."

बाबांनी टाइप केलेलं पत्र हळूच चहाच्या ट्रेखाली सरकवलं.

"तो एकच पीस आहे," ते ऐटीत म्हणाले. "वीस वर्षं तपासतोय. विकायचा नाही."

"तपासतोय?" आईने भुवया उंचावल्या.

दीपाने घाईघाईने पुढची रेकॉर्ड लावली.