कुत्र्याला वाट नाही

निजामाच्या राज्यातलं फसली १३५१ साल, बहमन महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष. मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पल्याडच्या काठावर तिघे जण नावेसाठी हाळ्या देत होते. नाव अल्याड, उमरथडीच्या उताराला बांधलेली होती. नावाडी नावेतच बसलेला होता. नाव गेली नाही.

तिघांमध्ये पाथरीचे कापडव्यापारी शिवरुद्र आप्पा होते. राणीसावरगावाला लेकीच्या सोयरिकीचं बोलणं करून ते परत निघाले होते. घसा बसेपर्यंत ओरडून झाल्यावर ते काठाकाठाने खालच्या गावाला गेले, तिथल्या नावेने नदी ओलांडली आणि दुपार कलल्यावर उमरथडीला पोचले. घरचा रस्ता न धरता ते आधी उतारावर आले. नावाडी व्यंकटी भोई वल्ह्याची दोरी नव्याने आवळत होता. आप्पा त्याच्या समोर जाऊन उभे राहिले आणि सकाळी काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं.

व्यंकटी म्हणाला, "डोळा लागला, आप्पा."

"डोळा लागला का गांजा लागला?"

भोवतीची माणसं हसली. व्यंकटीही हसला, पण बाकीच्यांचं हसून होत आल्यावर.

सकाळी तो झोपलेला नव्हता. सूर्य उगवायच्या आधीपासून तो टक्क जागा होता. त्याला ऐकू आलं नव्हतं. उजवा कान आधीच गेला होता, डावा दोन वर्षांपूर्वी गेला. हे गावात कुणाला माहीत नव्हतं. बायको गेल्यापासून तो एकटाच राहत होता, आणि एकट्या माणसाला कमी ऐकू येतं की तो कमी बोलतो, हे बाहेरून ओळखता येत नाही.

दोन वर्षं त्याचं काम त्याच्या कुत्रीने चालवलं होतं. तिला गाव मुकी म्हणायचं, कारण ती भुंकत नसे. पिल्लू होती तेव्हा भुंकायची. भुंकून धनी उठत नाही हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हापासून ती पल्याडून हाळी आली की व्यंकटीच्या धोतराचा सोगा दातांत धरून ओढायची. तो उठायचा, वल्हं उचलायचा. नावेची वाट बघणाऱ्याला एवढंच दिसे की आपण हाळी दिली आणि नाव सुटली.

मग वाळूचं प्रकरण झालं.

त्या वर्षीच्या पुराने प्रवाह पल्याडच्या अंगाला सरकला आणि उमरथडीच्या बाजूला वाळूचा मोठा उंचवटा पडला. त्याचं एक टोक माणिकराव देशमुखांच्या मळईच्या, म्हणजे गाळाच्या, रानाला भिडलं होतं. माणिकरावांनी तहसिलीत अर्ज केला आणि पट्टा नावावर करून घेतला. त्यांना तिथे टरबुजं लावायची होती. दोन हिवाळ्यांमागे मळईत त्यांनी लावलेल्या वेलांची आळी गावच्या कुत्र्यांनी उकरून टाकली होती, शेणखताच्या वासाने. या वेळी त्यांनी आधीच भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि नावेपर्यंत जायला मधून एक वाट ठेवली.

गावाला हे रुचलं नाही. गंगेची वाळू कधी कुणाची असते का, असं म्हातारी माणसं चावडीवर म्हणाली. तिथे बाया धुणं वाळवत, तिथेच मेलेल्या माणसाची राख सावडत. महसूल खात्याचे गिरदावर साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. पाणी आणि पाण्याकडे जायची वाट सरकारची, रानाला लागलेली वाळू रानवाल्याची, असं सांगून बाकीचा निकाल संक्रांतीनंतर तहसिलीत होईल म्हणाले. तोवर माणिकरावांनी वाटेचे नियम लोकांसमोर बोलून दाखवावेत आणि लोकांनी ते पाळावेत, असं ठरलं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी माणिकरावांनी ते कुंपणापाशी उभं राहून सांगितले. माणसाला वाट, बैलाला वाट, प्रेताला वाट. वाट सोडून उंचवट्यावर कुणी चढायचं नाही. कुत्रं कुंपणाच्या आत आणायचं नाही, दिसलं तर राखणदार दगड घालेल. मग ते व्यंकटीकडे वळले, कारण कुत्रं घेऊन रोज येणारा तो एकटाच.

व्यंकटी माणसांचे ओठ बघून बोलणं ओळखायला शिकला होता. माणिकरावांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या होत्या. काहीतरी विचारलं गेलं एवढं त्याला कळलं. चारचौघांत पुन्हा विचारायला लावायचं नाही, ही त्याची दोन वर्षांची सवय. त्याने मान डोलावली.

"मंग झालं तर," माणिकराव म्हणाले. "ज्याचं कुत्रं त्यानंच कबूल केलं."

दुसऱ्या दिवशी राखणदाराने मुकीच्या पाठीत दगड घातला, तेव्हा आपण कशाला हो म्हणालो ते व्यंकटीला समजलं. तो माणिकरावांच्या वाड्यावर गेला. कुत्री नको तर निदान उंचवट्यावर बसू द्या, मालक, असं त्याने विनवलं. तिथून पल्याडचा काठ दिसत होता. खाली नावेपाशी बसलं की पाण्यात पुढे गेलेलं वाळूचं दुसरं टोक आडवं येई आणि समोरचं काही दिसत नसे. माणिकरावांचा राग नव्हता. त्यांनी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला. एकाला बसू दिलं तर सगळं गाव बसेल, हे त्यांनी हातवारे करून समजावलं. शिवाय नावाड्याला बघायची गरज काय, कान आहेत की, असं ते कानाला बोट लावून म्हणाले. हे वाक्य व्यंकटीला पूर्ण कळलं.

तेव्हापासून तो दर थोड्या वेळाने रिकामी नाव वाळूच्या टोकापर्यंत वल्हवत नेई, पल्याड कुणी उभं आहे का बघे आणि परत येई. हात भरून येत. मंगळवारी सकाळी नदीवर धुकं होतं. तो दोनदा जाऊन आला, त्याला काही दिसलं नाही.

शिवरुद्र आप्पांनी पोलीस पाटील किशनराव यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं. पाटलांनी ते भोयांच्या जमातीकडे दिलं, कारण वल्हं कुणाच्या हातात असावं हे जमातच ठरवत आली होती. त्यासाठी एक जुनी रीत होती. नावाड्याने पाण्याकडे पाठ करून नावेत बसायचं. जमातीतल्या एकाने पल्याडून तीन हाळ्या द्यायच्या. तिसऱ्या हाळीपर्यंत नाव सुटली नाही तर वल्हं दुसऱ्या घरात जायचं. डोळा लागला म्हणणाऱ्याला जागं असताना तपासायचं, एवढाच पाटलांचा हेतू होता. सोमवारी सूर्योदयाची वेळ ठरली. हाळी द्यायला खालच्या गावचा बन्सी भोई येणार होता.

ही रीत व्यंकटीला चांगली ठाऊक होती. त्याच्या हातात वल्हं आलं ते असंच, चुलत्याकडून. त्या वेळी पल्याडून हाळी देणारा व्यंकटीच होता. तिसऱ्या हाळीनंतरही चुलता नावेत पाठमोरा बसून होता, आणि नंतरची सहा वर्षं तो व्यंकटीच्याच अंगणात, पाण्याकडे पाठ करूनच बसे. सुगीत बलुत्याचं धान्य घरात येई तेव्हा तो उठून शेजारी जात असे.

शनिवारी कडूबाई व्यंकटीच्या झोपडीपाशी आली. ती विधवा, माणिकरावांच्या टरबुजांवर मजुरीला होती. वाटेच्या कडेला खुरपताना तिने एकदा त्याला पाठीमागून साप आहे म्हणून ओरडून सांगितलं होतं. तो वळला नाही. तिने ढेकूळ फेकून मारलं तेव्हा वळला. त्या दिवशी तिला कळलं आणि तिने ते स्वतःपाशी ठेवलं. दगड बसल्यापासून दिवसभर मुकीला आपल्या खोपीपाशी बांधून भाकर घालणारीही तीच होती.

ती त्याच्या समोर बसली. परक्या पुरुषासमोर ती पदर नाकापर्यंत ओढून बोलत असे. आज तिने तो बाजूला केला, ओठ दिसावेत म्हणून, आणि सावकाश बोलली.

"दादा, गिरदावर साहेबाला सांगून टाका. कुत्री माजे कान हायेत म्हणावं. कुत्रीला वाट देतेल."

"कुत्रीला देतेल. मला कोण दील?" व्यंकटी म्हणाला. आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्याला अंदाज नव्हता, म्हणून तो फार हळू बोलायचा. "भयऱ्या नावाड्याच्या नावंत कोण बसायलंय, कडूबाई? सांगितलं की वल्हं गेलं."

कडूबाईने मुकीच्या पाठीवरच्या जखमेवरून हात फिरवला. मग तिने दुसरा मार्ग सांगितला. तो पाण्याकडे पाठ करून बसेल म्हणजे त्याचं तोंड टरबुजांकडे असेल. ती तिथे खुरपत असेल. हाळी आली की ती उभी राहील. कुणाला कळायचं नाही.

"अन् मंगळवारी?" व्यंकटीने विचारलं. "बुधवारी? रोज उभी ऱ्हाशील का?"

 तिने पदर पुन्हा पुढे ओढला, त्यामुळे ती त्यानंतर काही बोलली असेल तर ते त्याला समजलं नाही. सोमवारी असं करायचं की नाही, हेही त्या दोघांत ठरलं नाही.

सोमवारी धुकं कमी होतं. वाटेच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती. शिवरुद्र आप्पा पाथरीहून मुद्दाम आले होते, कानाला मफलर गुंडाळून. पाटलांनी व्यंकटीला खूण केली. तो नावेत चढला, वल्हं मांडीवर घेतलं आणि पाण्याकडे पाठ करून बसला. समोर कुंपण, कुंपणाच्या आत टरबुजांची आळी आणि त्यांत खुरपं घेऊन बसलेली कडूबाई. कुंपणाच्या बाहेर, तिच्या हाताच्या अंतरावर, मुकी खुंटाला बांधलेली होती. माणिकराव रोजच्यासारखे आळी बघत आले आणि कडूबाईच्या शेजारी थांबले. तिथून नाव नीट दिसत होती.

सूर्य वर आला. पल्याडून बन्सीची पहिली हाळी आली. ती वाटेवरच्या सगळ्यांनी ऐकली. मुकी उठून उभी राहिली.

व्यंकटी हलला नाही. तो कडूबाईकडे बघत होता. कडूबाई खाली बघत होती आणि तिचं खुरपं थांबलेलं होतं.

"डोळे तर उघडे हायेत," आप्पा म्हणाले. कुणी हसलं नाही.

दुसरी हाळी आली. मुकीने दोरीला हिसका दिला, तसा खुंट वाळूत कलला. माणिकरावांनी कुत्रीकडे पाहिलं, मग नावेकडे, आणि पुन्हा कुत्रीकडे. कडूबाईने खुरपं खाली ठेवलं. ती उभी राहिली नाही. काट्यांमधून हात घालून तिने दोरीची गाठ सोडायला घेतली.

तिसरी हाळी अजून आलेली नव्हती.