मामंजींच्या झेंड्याची निळी पट्टी

रविवारी आमचं ब्रेडा शहर जर्मनांच्या हातून सुटलं आणि सोमवारी सकाळी आमच्या गल्लीची पंचाईत झाली. चार महिने आम्ही बायकांनी पडदे ओढून इंग्रजांचे झेंडे शिवले होते. त्या झेंड्यात उभ्या, आडव्या, तिरप्या इतक्या पट्ट्या, की गल्लीतलं सगळं लाल कापड त्यात गेलं. माझा परकरसुद्धा. आणि प्रत्यक्षात आले ते पोलंडचे रणगाडे.

ब्रोनेक नावाचा एक पोलिश सैनिक आमच्याकडे उतरला होता. जर्मन त्यालाही येत होतं, आम्हालाही. पण ती भाषा तोंडात घ्यायची कुणाचीच तयारी नव्हती. त्यामुळे सगळा कारभार हातवाऱ्यांवर.

शेजारची डिम्फ्ना धापा टाकत आली. "नेल, उद्या दहाला त्यांचं संचलन आहे. घराघरावर त्यांचा झेंडा हवा. पांढरा आणि लाल, दोनच रंग."

"पांढरी चादर आहे. लाल कुठून आणू? माझा परकर इंग्लंडला गेला."

तिची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. तिथे मामंजी, म्हणजे माझे सासरे गोवर्ट, आपल्या देशाचा झेंडा मांडीवर पसरून बसले होते. लाल, पांढरा, निळा, अशा तीन आडव्या पट्ट्यांचा. साडेचार वर्षं तो उशीत शिवून ते त्यावर झोपले होते. शहर सुटलं की तो दारावर लावायचा, एवढ्यासाठीच जणू ते जगले होते.

"काका, निळी पट्टी कापा की," डिम्फ्ना म्हणाली. "झाला पोलंड तयार."

"तुझी जीभ काप आधी. तीन झेंडे निघतील."

ती हसत गेली. ब्रोनेकने आपल्या डब्यातली खरी कॉफी केली. आम्ही भाजलेल्या जवाचं पाणी पिऊन तिची चव विसरलो होतो. मामंजींनी त्याला झेंडा दाखवला, मग दाराकडे बोट केलं, मग त्याच्या छातीकडे. तुझा कधी लागणार, तुझ्या दारावर?

ब्रोनेकने सांडलेल्या कॉफीत बोट बुडवून टेबलावर घर काढलं. दार, दोन खिडक्या, धुराडं. मग तळहाताने सगळं पुसलं. "वॉर्सा," एवढंच म्हणाला, आणि हसून मामंजींना सिगारेट दिली.

मामंजींनी ती पेटवली नाही. बराच वेळ बोटांत फिरवत राहिले. "सूनबाई, कात्री आण."

"अहो, नुसती दुमडून टाके घालते. परवा उसवून देईन."

"पाहुण्याला दुमडलेलं द्यायचं? आण म्हटलं ना."

माझा हात धजेना. त्यांनीच कापली, जीभ दातांत धरून, सरळ रेषेत.

मंगळवारी गल्ली सजली. कुणी बिटाच्या पाण्यात चादर बुडवली होती, कुणी सेंट निकोलसच्या सोंगाचा लाल झगा फाडला होता. मामंजींनी स्टुलावर चढून आपला झेंडा लावला आणि निळी पट्टी मफलरसारखी गळ्यात गुंडाळली. ब्रोनेक गुंड्या लावत बाहेर आला, वर बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबत होता बिचारा. मग हळूच हाताचा पंजा उलटा करून दाखवला आणि रणगाड्याकडे पळाला.

मामंजींनी आपला झेंडा पाहिला, मग अख्खी गल्ली. सगळीकडे लाल वर, पांढरा खाली. आमच्याकडे जन्मापासून लाल वरच असतो, कुणाला शंकाच आली नव्हती. पोलंडचा लाल खाली.

"डिम्फ्ना, शिडी काढ," त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "फिरवा सगळे. मी माझा कापलाय, तुम्हाला नुसता फिरवायचाय."

मग काय धावपळ. पाद्रीबाबा स्टुलावर, बेकरीवाल्याची बायको खिडकीच्या कठड्यावर. पहिला रणगाडा कोपऱ्यावर वळला तेव्हा शेवटचा झेंडा डिम्फ्ना फिरवत होती, एक बूट खाली पडलेला.

"हात हलव की," मी ओरडले.

"कुठला हलवू? एकाने झेंडा धरलाय, एकाने जीव."

तिसऱ्या रणगाड्यावर ब्रोनेक होता. त्याने आमच्या दाराकडे पाहून सलाम ठोकला, तो झेंड्याला की निळ्या मफलरवाल्या म्हाताऱ्याला, कोण जाणे. मामंजींनी टोपी काढली आणि रणगाडा दिसेनासा होईपर्यंत परत घातली नाही.

दुपारी त्यांनी तीनही रंग माझ्यापुढे ठेवले. "आता जोडून दे. संध्याकाळी आपला लावू."

"बारीक टाके घालते. कळणारसुद्धा नाही."

"मोठे घाल," ते म्हणाले. "चांगले जाड दोऱ्याने. लोकांनी विचारलं पाहिजे."