वाफेच्या इस्त्रीचे पाणी

पूनम सागर वसाहतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात रविवारची दुपार दत्तारामांची असे. जेवणे आटोपली की ते टेबलावर जुने घोंगडे अंथरत, त्यावर धुतलेली चादर ताणत आणि आठवड्याचे कपडे एका बाजूला रचून इस्त्रीचा प्लग लावत. ही इस्त्री गिरगावातल्या बिऱ्हाडापासूनची. साधी, काळ्या मुठीची, चांगलीच वजनदार. उष्णता कमीजास्त करण्याची सोय तिच्यात नव्हती. फार तापली की दत्ताराम प्लग काढत, निवली की पुन्हा लावत, आणि मधल्या वेळात बोलत. गोदीतल्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ते एरवी मोजकेच बोलत. पण हाताखाली शर्टाची कॉलर असली की त्यांना विषय सुचत.

त्या वर्षी मे महिन्यात घरात सून आली. नीलमचे माहेर लांब नव्हते. भाईंदर पश्चिमेच्या मोरवा गावात तिच्या वडिलांचे, परशुरामांचे, जुने घर होते. एके काळी त्यांच्या घराण्याची मिठागरे होती, आता जमीन होती आणि रिक्षा होत्या. ती स्वतः भाईंदरच्या एका पतसंस्थेत नोकरीला होती. सासरी तिला काहीही जाच नव्हता, आणि तिची खरी अडचण नेमकी तीच होती. सासूबाई, वासंतीबाई, तिला कशाला हात लावू देत नसत. "राहू दे गं, दमून आलीस," "तू बस, मी करते," एवढ्या दोन वाक्यांत तिचा संसार आटोपत असे. दिवाळी आली तरी रवा कुठल्या डब्यात आहे हे तिला ठाऊक नव्हते.

तिच्या वस्तूंचेही तेच झाले होते. आहेरात आलेला मिक्सर, डिनर सेट, बिनपात्याचा म्हणून गाजलेला टेबलपंखा, सारे खोक्यांसकट माळ्यावर होते. वासंतीबाई चांगल्या वस्तू वापरत नसत, जपत असत. त्यात दुजाभाव नव्हता. चाळीतल्या एका खोलीत अर्धी हयात काढलेल्या बाईला कोऱ्या वस्तूचे मोल फार असते. पण स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून त्या खोक्यांकडे पाहताना नीलमला वाटे, आपल्यालाही यांनी असेच उंचावर नीट ठेवून दिले आहे.

म्हणून दिवाळीचा बोनस मिळाला तेव्हा तिने वाफेची इस्त्री घेतली, सासऱ्यांसाठी. ही वस्तू माळ्यावर जाऊ द्यायची नाही, असे ठरवूनच घेतली.

दुकानदाराने काउंटरवर तिच्यातून भसकन वाफ काढून दाखवली होती.

"पानी कौन सा डालने का?" नीलमने विचारले होते.

"कुछ भी डालो भाभी, नल का पानी. मेरे घर में भी यही है, बीवी एकदम खूश!"

दुकानदार बोरिवलीला राहत होता.

घरी इस्त्री टेबलावर निघाली तेव्हा दत्तारामांनी चष्मा लावून सोबतची पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

"बाबा, पेपर आहे का तो?" रोशनने, त्यांच्या मुलाने, विचारले. "आधी बटण तरी दाबा."

"तू गप रे. गादीखाली पँट घालून झोपणाऱ्याने इस्त्रीबद्दल बोलू नये."

"छान आहे हं," वासंतीबाई म्हणाल्या. "किती हलकी! खोकं नीट ठेवा. जपून वापरू या, सणासुदीला."

"आई, सणाला कशाला?" नीलम घाईने म्हणाली. "या रविवारीच वापरू देत ना बाबांना."

दत्तारामांनी बायकोकडे पाहिले, सुनेकडे पाहिले आणि पुस्तिकेचे पान उलटले. "रविवारीच," ते म्हणाले.

पहिले दोन रविवार फार आनंदात गेले. दत्ताराम नळाचे पाणी पेल्याने टाकीत ओतत, बटण दाबत आणि वाफ निघाली की स्वतःशी हसत. शेजारच्या नीलिमाताई मुद्दाम बघायला आल्या आणि "आमच्याकडे पण सांगते आता," असे म्हणून गेल्या. फक्त सुती शर्टांबाबत दत्तारामांचे समाधान नव्हते. "सुताला वजन लागतं," ते सांगत. "ही नुसती गोंजारते." पण रोशनच्या टेरिकॉटच्या पँटची धार त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवली.

तिसऱ्या रविवारी जेसल पार्कला वासंतीबाईंच्या भाचीचा साखरपुडा होता. त्यांनी आपली जांभळी रेशमी साडी काढली. जुन्या इस्त्रीची या साडीला त्यांना नेहमी भीती वाटे. वाफेच्या इस्त्रीला मात्र त्यांनी ती आपणहून दिली. नीलमच्या लक्षात ते आले आणि तिला बरे वाटले.

दत्तारामांनी बटण दाबले. इस्त्री गुरगुरली, थांबली आणि मग वाफेऐवजी तिने पदरावर पाण्याचे शिंतोडे उडवले. त्यांतून पांढरी कणी आली. पाहता पाहता शिंतोडे वाळले आणि जांभळ्या रेशमावर चुन्याच्या बोटांसारखे डाग उमटले.

वासंतीबाईंचा आवाज चढला.

"अहो, उचला ती आधी! उचला! माझ्या लग्नानंतरची पहिली साडी हो ही! आणि नीलम, काय गं आणलंस हे? विचारून तरी आणायचं! कसलं पाणी घालायचं, काय घालायचं, काही चौकशी केलीस?"

रोशनने तोंड उघडले, आईचा चेहरा पाहिला आणि मिटले. डाग बघायला म्हणून दत्तारामांनी पदराचे टोक जिभेला लावले.

"खारट आहे," ते म्हणाले. "बोअरचं पाणी."

दुकानदाराच्या बोरिवलीत नळालाच गोड पाणी येई; इथे इमारतीच्या नळांना बोअरचेच पाणी होते, कधी टँकरचे. पालिकेचे गोड पाणी एक दिवसाआड सकाळी थोडा वेळ येई. ते वासंतीबाई कळशीत आणि हंड्यात भरून ठेवत, आणि त्याला स्वयंपाकाखेरीज कोणी हात लावत नसे. खाऱ्या पाण्याची सर्वांना इतकी सवय झाली होती की साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, याचेही कोणाला काही वाटत नसे.

वासंतीबाईंनी कळशीतले पाणी वाटीत घेऊन हलक्या हाताने पदर पुसला. डाग गेले. साखरपुड्याला मात्र त्या दुसरी साडी नेसून गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी इस्त्री पुसून खोक्यात भरली आणि खोके माळ्याखालच्या स्टुलावर ठेवले. "रोशन, सवड झाली की वर टाक," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर नीलम मोरव्याला गेली. तिची आई, रुक्मिणी, ओट्यावर कोलंबी सोलत होती. तिने सगळी हकिकत ऐकली आणि सोलायची थांबून पदराआड हसायला लागली.

"मिठागरावाल्याची पोर तू," ती म्हणाली, "आन् पान्याची चव न्हाय बघितलीस?"

"आये, हसू नको. ती इस्त्री आता वर जानार."

"मंग जाऊ दे. इस्त्री हाय ती, जावई हाय का?"

"तिला प्यायचं पानी लागतं," परशुराम आतून म्हणाले. "गोडं घाल, चालंल."

"प्यायचं?" नीलम म्हणाली. "बाबा, आमच्याकडे कळशीतलं पाणी पाहुण्यालासुद्धा अर्धा पेला मिळतं. तिथे मी इस्त्रीला मागू?"

रुक्मिणीने सोललेली कोलंबी डब्यात भरून दिली. "सासूला दे. रागावली ना तुज्यावर? बरा झाला. सात म्हैने नुसती गोड बोलते, मना तर भ्याव वाटत होता."

आठवडाभर खोके स्टुलावरच राहिले, कारण रोशनला सवड होत नव्हती. त्याला सवड होऊ नये अशी व्यवस्था नीलम रोज करत होती. गोड पाणी मागायचे तिच्या मनात दोनदा आले. पण वासंतीबाई हंड्यावर झाकण ठेवताना दिसल्या की शब्द मागे फिरत. घरातल्या माणसांच्या पाण्यात एका यंत्राचा वाटा मागणे तिलाच पटत नव्हते.

शनिवारी तिची कचेरी अर्धा दिवस असे. ती घरी आली तेव्हा वासंतीबाई फ्रीज बंद करून त्यातला बर्फ वितळवत होत्या. दर शनिवारी हे काम चाले. फ्रीजरखालचा ट्रे काठोकाठ भरला होता. तो दोन्ही हातांनी सांभाळत त्या खिडकीकडे निघाल्या. ग्रिलमध्ये तुळशीची कुंडी होती. समोरून येणाऱ्या नीलमला पाहून त्या थबकल्या आणि थोडे पाणी लादीवर सांडले.

"थांबा आई, मी धरते."

"राहू दे, तू..."

पण नीलमने ट्रे एका बाजूने धरला होता. धरता धरता तिने बोट बुडवले आणि ते जिभेला लावले.

"अगं शी! फ्रीजचं पाणी ते! तोंडात काय घालतेस?"

"आई, हे गोड आहे."

"असणारच. हवेतल्या ओलीचा बर्फ तो, नळाचा नाही. म्हणून तर तुळशीला घालते. बोअरचं घातलं की पानं करपतात हिची. आधीच्या दोन तुळशी त्यानेच गेल्या."

बोलता बोलता वासंतीबाई थांबल्या. त्यांनी ट्रेकडे पाहिले, मग स्टुलावरच्या खोक्याकडे. टेबलाशी पेपर वाचत बसलेल्या दत्तारामांनी पेपर खाली केला.

"तुळशीला एवढं सगळं लागतं का गं?" त्यांनी अगदी सहज विचारले.

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही पेपर वाचा." वासंतीबाईंनी ट्रे कुंडीवर कलता केला. पाणी अर्ध्यावर आले तसा त्यांनी हात थांबवला. "पातेलं आण," त्या नीलमला म्हणाल्या. "आणि गाळणं. उभी काय राहिलीस?"

"कुठे असतं गाळणं?"

"कमाल आहे! सात महिने झाले घरात येऊन. ओट्याखाली, डावीकडे."

पाणी गाळून झाले. रोशन आंघोळ करून बाहेर आला आणि पातेल्यात वाकून वास घेऊ लागला. "आई, काल बांगडे कुठे ठेवले होतेस गं? नाही, सोमवारी ऑफिसात माझ्या मागे मांजरं लागायला नकोत."

दत्तारामांनी खोके उघडले. गाळलेल्या पाण्याच्या दोन टाक्या त्यांनी मोरीत नुसती वाफ करून उडवल्या, तेव्हा आतली पांढरी कणी संपली. मग त्यांनी आपला जुना बनियन पुढे ओढला. पण वासंतीबाईंनी कपाटातून जांभळी साडी आणून टेबलावर ठेवली.

"अगं, आधी बनियनवर तरी..."

"बनियनवर काय कळणार? आधी उलट्या बाजूने फिरवा. आणि हळू."

वाफ स्वच्छ आली. पदर सरळ झाला. वासंतीबाईंनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, बोटांनी चाचपला आणि घडी घातली. छान झाला असे त्या म्हणाल्या नाहीत.

"सुती शर्ट जुन्या इस्त्रीनेच करणार मी," दत्तारामांनी जाहीर केले. "रेशीम आणि पँटी हिच्याकडे."

"करा की. दोन दोन इस्त्र्या, मोठे साहेब तुम्ही." वासंतीबाईंनी उरलेले पाणी बाटलीत भरले, बूच लावले आणि बाटली नीलमच्या हातात दिली. "हे बघ, पुढच्या शनिवारपासून फ्रीज तू करायचास. माझे गुडघे दुखतात वाकून. आधी बटण बंद करायचं, मग भांडी काढायची, बर्फ सुरीने खरवडायचा नाही. आणि मासळी कायम घट्ट झाकणाच्या डब्यात. पाण्याला वास आला तर मी तुला विचारीन, यांना नाही."

"हो आई," नीलम म्हणाली. "आणि तुळशीचं?"

"तुळशीचं आधी," वासंतीबाई म्हणाल्या. "मग उरेल ते इस्त्रीचं."