कपाटातली ट्यूब

कारखान्यात तिला सगळे क्रेनवाली म्हणत. बावीस वर्षं छताखालच्या केबिनमध्ये बसून ती लोखंडी पत्र्यांचे गठ्ठे हलवत होती. तिच्या हातून कुणाच्या नखालाही धक्का लागला नव्हता.

पाळी बंद होऊन वर्ष झालं आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. झोप उडाली. छातीत धडधडलं की वाटायचं, आता आपलं काही खरं नाही. डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या जेलची ट्यूब आणि सोबत गोळ्या लिहून दिल्या.

"घरात कुणाला कॅन्सर?" त्यांनी विचारलं होतं.

"नाही," ती म्हणाली होती.

हे साफ खोटं होतं. थोरल्या बहिणीचा एक स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला होता, आणि हार्मोनने तो धोका वाढतो असं तिने ऐकलं होतं. औषध आणलं खरं, पण ते कपाटात कपड्यांमागे तसंच पडून राहिलं. ते दिसू नये म्हणून ती पुढे आणखी कपडे रचायची.

औषध आणल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, गठ्ठा हवेत असताना अंगातून वाफ उसळली. चष्म्यावर धुकं आलं आणि हात भलत्याच दांड्यावर पडला. खालून ओरडा झाला. चष्मा ओढून तिने पाहिलं तर गठ्ठा खाली उभ्या फिटरच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर झुलत होता.

ती शिडीवरून उतरली. फिटर जमिनीवरच बसला होता.

"बाई, आज मी गेलोच होतो," तो हळूच म्हणाला.

तिने त्याला हात देऊन उठवलं. फोरमनला तिने एवढंच सांगितलं, "मला काही दिवस खालचं काम द्या." तिथून ती थेट दवाखान्यात गेली.

"ताईला झाला होता," ती म्हणाली. "छातीचा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही मलाही तपासायला लावलं असतं."

त्या रागावल्या नाहीत, पण तपासणी लिहून दिलीच. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तिने ताईला तीनदा फोन लावला आणि तीनदा इकडचं तिकडचं बोलून ठेवला. चौथ्यांदा ताईच म्हणाली, "अगं, कसली भीती वाटतेय तुला, सांग की."

मग मात्र ती रडली.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. ताईचे जुने कागद वाचून डॉक्टरीणबाईंनी धोका किती, फायदा किती ते नीट समजावलं. थोड्या मात्रेवर सुरू करू, दर वर्षी तपासू, नको वाटलं तर दुसरे उपाय आहेत, असंही सांगितलं. तिने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या सकाळी दंडावर जेल लावलं.

महिन्याभरात वाफा ओसरल्या, झोप लागायला लागली. दोन महिन्यांनी ती पुन्हा केबिनमध्ये चढली. आंघोळ करताना मात्र अजूनही तिचा हात छातीशी थांबतो, आणि श्वास रोखून ती चाचपून बघते.