टाकीतला बोका

ये, बस इथं, जरा सरकून बस. चहा गार झाला तर होऊ दे, पण मध्येच उठू नकोस. तुला बोक्याची गोष्ट सांगतो. चार पायांचा बोका नव्हे रे, दोन पायांचा, टाक्या धुणारा. हसू आलं तर हस खुशाल. पण पुढं एक जागा अशी आहे की तिथं तुझाही श्वास अडकणार, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

त्याला बोका म्हणायचे कारण गडी पाण्याला भ्यायचा. तळं दिसलं की रस्ता बदलायचा. अंघोळ करायचा ती बादलीभर पाण्यानं, डोळे टक्क उघडे ठेवून. लहानपणी कुणीतरी मस्करीत पाण्यात ढकललेलं, तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी आलं की ह्याची पाचावर धारण. आणि धंदा कुठला निवडला? पाण्याच्या टाक्या धुवायचा! लोक फिदीफिदी हसायचे. तर हा म्हणायचा, "अरे येड्यांनो, मी आत उतरतो तेव्हा टाकी कोरडी असते. जगात पाणी नसलेली खात्रीची जागा तेवढीच."

ही खात्री कशी? तर त्याची टोपी. पाणी सोडायचं चाक खाली पंपाशी असतं. टाकीत उतरायच्या आधी बोका स्वतः जाऊन त्या चाकावर आपली टोपी अडकवायचा. टोपी चाकावर आहे म्हणजे माणूस टाकीत आहे, चाकाला कुणी हात लावायचा नाही. सगळ्या पंपवाल्यांना हे पाठ. काम संपलं की टोपी काढायची ती बोक्यानंच.

आता त्याची बायको ऐक. चर्चमधल्या पोरांचं संडे स्कूल ती घ्यायची. तिला कशातही प्रभूची शिकवण सापडायची. कांदा चिरताना सापडायची, चिमणीच्या घरट्यात सापडायची, तुंबलेल्या मोरीत सुद्धा. एकदा दूध उतू गेलं तर म्हणाली, "बघा, लक्ष हटलं की उतू जातं. आपल्या मनाचं पण असंच असतं." बोका म्हणाला, "मनाचं राहू दे, आधी गॅस बंद कर."

एका रविवारी तिनं पोरांसमोर टबात दोन बाटल्या सोडल्या, एक भरलेली आणि एक रिकामी, घट्ट बूच लावलेली. भरलेली गेली तळाला. "जो आधीच स्वतःनं भरलाय," ती म्हणाली, "त्याला देव कसा उचलणार?" मागच्या बाकावरून बोका म्हणाला, "म्हणजे ज्याच्या डोक्यात काहीच नाही तो बुडायचाच नाही!" आणि बघितलं शेजारी बसलेल्या मेहुण्याकडं. पोरं खदखदली. मेहुणा म्हणजे तिचाच धाकटा भाऊ, बोक्याच्या हाताखाली कामाला. मनानं सोनं, पण विसरभोळा.

तर त्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "अहो, या रविवारी तुम्ही बोला ना पोरांशी. तुमच्या कामातलं काहीतरी सांगा."

"माझ्या कामात काय असतं? गाळ असतो. मेलेली पाल असते."

"देव कुठंही भेटतो."

"टाकीत नाही भेटला बुवा अजून."

"शोधलाय कधी?"

"एवढा मोठा टॉर्च नाहीये माझ्याकडं."

तिनं डबा भरून त्याच्या हातात दिला तोही न बघता. बोक्याला वाटलं, जरा जास्तच बोललो. पण नवरा माणूस, तोंडानं कबूल थोडाच करणार? गेला निघून.

काम होतं कपडे धुण्याच्या कारखान्यात. चादरी, पडदे, हॉटेलांचे टॉवेल, ढिगानं. खाली मोठमोठी मशिनं आणि गच्चीवर सिमेंटची टाकी, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी आत मावतील एवढी उंच. वर चौकोनी तोंड, एका माणसापुरतं. सकाळभर दोघांनी गाळ उपसला. मशिनांत घाण जाऊ नये म्हणून टाकीतून बाहेर जाणारे पाइप बोक्यानं बाहेरून गच्च बंद करून घेतले होते. बादली आणि दोरी वर घेऊन झाली. राहिले कोपरे. ते घासायला आत कोण? बोका, त्याचा ब्रश, टॉर्च आणि औषधाच्या पाण्याचा अर्धाअधिक भरलेला निळा कॅन.

तेवढ्यात शिडीची एक पायरी निखळली.

"दाजी, खाली सुतार आहे. ठोकून आणू?" वरून मेहुणा.

"आण. पण लगेच ये."

इथं चुकलं बघ. आत माणूस असताना वरच्यानं जागा सोडायची नाही, हा नियम बोक्याचा स्वतःचाच. पण कोपरेच तर राहिले होते. मेहुण्यानं शिडी वर ओढली, खांद्यावर टाकली आणि निघाला. अंगण ओलांडून जायचं, ऊन असं की टाळू भाजावी. वाटेत पंप. पंपाच्या चाकावर टोपी. ह्यानं विचार केला, जाऊन तर यायचंय. टोपी काढली आणि घातली डोक्यात.

जेवणाची सुट्टी संपली. पंपवाला आला, चाकाकडं बघितलं. टोपी नाही. म्हणजे काम झालं. त्यानं चाक फिरवलं. त्याचा काय दोष, सांग?

आत बोका गुणगुणत कोपरा घासतोय. वरच्या पाइपात कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज झाला. त्यानं मान वर केली. पाइपानं परत खाकरलं, आणि भस्सकन पाणी त्याच्या पाठीवर.

"ए! मस्करी नको करू!" तो ओरडला.

वर कुणीच नव्हतं. चौकोनी उजेड तेवढा, त्यात निळं आभाळ.

मग त्यानं हाका मारल्या. मेहुण्याला मारल्या, पंपवाल्याला मारल्या, आयला मारल्या. ब्रशच्या दांड्यानं भिंत बडवली. पण सुट्टी संपली होती ना, खाली कपडे वाळवायची मशिनं सुरू झालेली, सगळी इमारत घरघरत होती. त्यात एका माणसाची टकटक कोण ऐकणार? पाण्यानं घोटे झाकले. पोटऱ्या झाकल्या. बाहेर जाणारे पाइप आठवले, आणि ते कुणाच्या हुकुमानं बंद झालेत तेही आठवलं. गुडघे बुडाले तसे बोक्याचे दात वाजायला लागले, आणि ते थंडीनं नव्हे.

"प्रभू," तो म्हणाला, "बंद कर. पाणी बंद कर. रविवारी बोलतो पोरांशी, काय म्हणशील ते बोलतो, पण एवढं बंद कर."

पाणी कमरेला आलं.

तो कॅनवर चढला. तेवढीच उंची मिळाली. भिंतीला दोन्ही तळहात चिकटवून उभा. कॅन खाली डुगडुगायला लागला, पाणी त्याला उचलू बघतंय आणि हा त्याला दाबून धरतोय. आणि मग गेला ना निसटून! बोका पाठीवर पडला. डोक्यावरून पाणी. नाकात, कानात, तोंडात पाणी. टॉर्च गेला, ब्रश गेला. खाली अंधार, वर अंधार, कुठला वर नि कुठला खाली काही कळेना. पाय तळाला लागले आणि उसळून वर आला, खोकत, रडत. पाणी गळ्यापर्यंत आलेलं. चवड्यांवर उभा राहिला तर तोंड बाहेर, एवढंच.

शेजारी कॅन अर्धा बुडून लोळत होता. बोक्यानं त्याला मिठी मारली तर कॅनही ह्याच्याबरोबर खाली. परत धरला, परत खाली.

तेव्हा त्याला टब आठवला. प्रवचन नाही आठवलं हां, बायकोचा हात आठवला, बूच घट्ट पिळणारा. त्यानं कॅन छातीवर ओढला, झाकण काढलं, तिरका केला. औषध भळभळ बाहेर. डोळ्यांत गेलं, आग आग झाली. आंधळ्यासारखा चाचपत झाकण परत पिळलं. आणि मग पाय तळावरून सुटले.

आधी तो कॅनवर चढायला गेला. कॅन गर्रकन फिरला आणि ह्याला परत बुडवलं. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अंगात जोरच नव्हता, म्हणून नुसता छातीशी धरून लोंबकळला, पाय सैल सोडून. आणि बघ, तोंड पाण्याबाहेर राहिलं!

पण भीती गेली म्हणशील तर अजिबात नाही. खाली पायांना काहीच लागत नाही, ह्या एका गोष्टीनं त्याचं काळीज नुसतं फडफडत होतं. "बंद कर, बंद कर, बंद कर," एवढंच चाललेलं.

आणि पाणी बंद झालं.

खरंच रे. पाइपातून शेवटचा थेंब पडला आणि संपलं. बोक्याला रडू कोसळलं. ऐकलं! प्रभूनं ऐकलं! आता कुणीतरी येईल. त्यानं मान वर केली.

वर टाकीचं तोंड. हात लांब केला. पोचेना. कॅन दाबून उसळी मारली, बोटं सिमेंटला खरवडून परत खाली, नाकातोंडात पाणी. परत उसळी, परत खाली. एका नखातून रक्त यायला लागलं. मशिनं आपली घरघरतायत. बोटं बधिर पडत चाललेली आणि कॅन साबणासारखा गुळगुळीत. एकदा सुटला, कसाबसा सापडला. पुढच्या वेळेला सापडणार नाही, हे त्याला स्पष्ट कळलं. खाली उभं राहता येत नाही आणि वर पोचता येत नाही. पाणी नेमकं अशा जागी थांबलं होतं की त्याहून वाईट जागा त्या टाकीत दुसरी नव्हती.

म्हणालो होतो ना, श्वास अडकेल. ती जागा ही.

त्यानं मागितलं होतं तेच मिळालं होतं. आणि मिळालं म्हणून तो मरणार होता.

कधी कळलं त्याला, विचारू नकोस. पण कळलं तेव्हा अंगावर काटा आला, त्या गार पाण्यात सुद्धा. ज्या पाण्याला तो सगळा वेळ शिव्या देत होता, तेच त्याला इंच इंच वर नेत होतं. दुसरी शिडी नव्हतीच. आणि आता हा जन्माचा भित्रा, तळं दिसलं की रस्ता बदलणारा, त्याला काय मागायची वेळ आली बघ. ओठ हलेनात. अजून पाणी? स्वतःच्या तोंडानं?

"सोड," तो शेवटी पुटपुटला. "भीती वाटतीय मला. लई भीती वाटतीय. पण सोड पाणी."

लगेच काही झालं नाही. तसाच लोंबकळत राहिला. डावा हात सुटला. उजव्या दंडानं कॅन काखेत दाबून धरला आणि डोळे मिटले, आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात डोळे मिटले.

पाइपानं घसा खाकरला.

पाणी आलं. धो धो आलं. बोक्याला उचलत, उचलत, आभाळाच्या त्या चौकोनापर्यंत घेऊन आलं. त्यानं कडेला एक हात टाकला, मग कोपर, मग छाती. तापलेल्या गच्चीवर तो पालथा पडला आणि त्या तापल्या फरशीला गाल लावून नुसता लटलट कापत राहिला.

तेवढ्यात शीळ घालत मेहुणा आला, सुतार जेवून येईपर्यंत खोळंबलेला, खांद्यावर शिडी.

"दाजी! बाहेर कसे आलात? शिडी तर माझ्याकडं!"

 बोक्यानं बोट केलं मेहुण्याच्या डोक्याकडं. मेहुण्यानं हात वर नेला. टोपी हाताला लागली. मग त्याला टाकीतल्या पाण्याचा आवाज ऐकू आला, आणि तो शिडीसकट मटकन खाली बसला. "दाजी, मारा मला. दाजी, मारा ना." मारायला हात उचलायची ताकद तरी हवी की नको!

घरी बायकोनं सगळं ऐकलं. मोरीतला नळ टिपटिप गळत होता आणि प्रत्येक थेंबाला बोका दचकत होता. ती उठली, नळ गच्च पिळला, वर फडकं बांधलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला. "एरवी दूध उतू गेलं तरी बोलतेस."

"नाही सुचत," ती म्हणाली. "तुम्ही आला नसता तर मला कशातच काही दिसलं नसतं परत." आणि त्याचा सोललेला हात दोन्ही हातांत धरून बसली.

मग रविवारी बोका बोलला. उभा राहिला पोरांसमोर, टोपी चुरगाळत. जसं घडलं तसं सांगितलं. एका चिमुरडीनं विचारलं, "मग देव होता का टाकीत?"

"दिसला नाही बाळा, अंधार होता. पंपवाला म्हणतो, पंप तापला म्हणून मध्ये बंद केला, गार झाल्यावर परत सुरू केला. असेल. मी त्याच्याशी भांडत नाही. मी कुणाशी बोललो ते मला माहितीये."

"आता पाण्याची भीती गेली?"

"छ्या! दुप्पट वाढली. फक्त 'बंद कर' म्हणायच्या आधी आता जरा थांबतो."

मागच्या बाकावर मेहुणा मान खाली घालून बसला होता, भर उन्हात चालत आलेला, बोडक्या डोक्यानं.

संपली गोष्ट. आता तुझा चहा पी, गार झालाच आहे. आणि माझं एक ऐकशील? कधी कुठं पंपाजवळून जाताना चाकावर एखादी मळकी टोपी अडकवलेली दिसली ना, तर ऊन कितीही असू दे, तिला हात लावू नकोस. आणि जमलं तर जरा थांब तिथं. वर टाकीशी जा आणि आतल्याला एक हाक मार.